‘ॲस्पिरेशन’ ह्या संज्ञेचे अर्थ : ध्वनिविज्ञान आणि वैद्यक

एकच संज्ञा दोन शास्त्रांत वापरली जाते तेव्हा तिच्या अर्थांत काही ना काही नाते असणार, असे आपण गृहीत धरून चालतो. पुष्कळदा ते नाते खरेही असते. परंतु नाते असणे आणि अर्थ एक असणे ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि भाषांतराच्या वेळी हा भेद दृष्टीआड झाला तर होणारी चूक केवळ शब्दांपुरती राहत नाही. इंग्रजीतील ‘ॲस्पिरेशन’ ही संज्ञा ह्याचे चांगले उदाहरण आहे. ध्वनिविज्ञानात आपण तिला ‘महाप्राणत्व’ म्हणतो. वैद्यकात तिचे निदान दोन अर्थ आहेत आणि त्यांपैकी एकही महाप्राणत्वाचा नव्हे. ह्या अर्थांची फोड करून त्यांसाठी मराठीत कोणत्या संज्ञा योजाव्यात ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

ह्या विचाराला निमित्त झालेला एक प्रसंग आरंभीच सांगितला पाहिजे. काही वर्षांपूर्वी पक्षाघातानंतरच्या वाणीदोषांवर काम करणाऱ्या एका विद्यार्थ्याने एका रुग्णाच्या तपासणीपत्रकाची नक्कल आणली. तीत ‘ॲस्पिरेशन : नाही’ अशी नोंद होती. त्यावरून त्याने रुग्णाच्या उच्चारांतील महाप्राणत्व नष्ट झाल्याचा निष्कर्ष काढला. ध्वनिमुद्रण ऐकले तेव्हा त्याच रुग्णाने ‘भाकरी’ आणि ‘खुर्ची’ हे शब्द स्वच्छ महाप्राण उच्चारलेले आढळले. ती नोंद बोलण्याच्या नव्हे, गिळण्याच्या तपासणीतील होती. ही चूक हसण्यावारी नेता आली. परंतु पुढे त्याच कामासाठी रुग्णांच्या नातेवाइकांना विचारावयाच्या प्रश्नांचे मराठी रूपांतर झाले, तेव्हा मूळ संज्ञेच्या जागी ‘ठसका लागणे’ हा शब्दप्रयोग आला. ते रूपांतर प्रस्तुत लेखकाने स्वतः तपासले होते आणि निर्दोष ठरविले होते. ते निर्दोष नव्हते. का नव्हते, हे लेखाच्या ओघात स्पष्ट होईल.

१. शब्दाची मूळ पीठिका

‘ॲस्पिरेशन’ हा शब्द लॅटिन ‘आस्पिराऱे’ ह्या क्रियापदापासून आला आहे. त्याचे घटक दोन : ‘आद्’ म्हणजे ‘कडे’ आणि ‘स्पिराऱे’ म्हणजे ‘श्वास घेणे, फुंकणे’. एखाद्या गोष्टीच्या दिशेने श्वास सोडणे हा त्याचा मूळ अर्थ. इच्छित वस्तूकडे मनाचा ओढा असणे हा जो ‘आकांक्षा’ ह्या अर्थाचा इंग्रजी वापर, तो ह्याच मुळातून लक्षणेने निघाला. रोमन वैयाकरणांनी ‘ह’ ह्या ध्वनीसाठी, तसेच ग्रीक महाप्राण स्पर्शांतील श्वासासाठी ही संज्ञा योजिली. महाप्राणाचा उच्चार रोममध्ये सामाजिक प्रतिष्ठेचाही विषय झाला होता. इ. स. पूर्व पहिल्या शतकातील कवी कातुल्लुस याने आपल्या एका छोट्या कवितेत आर्रियुस नामक गृहस्थाची थट्टा केली आहे, ती तो भलत्याच ठिकाणी श्वास घालून शब्द उच्चारीत असे म्हणून.

ह्या मूळ अर्थात श्वासाची दिशा बाहेरची आहे. फ्रेंचमध्ये मात्र ‘आस्पिरे’ ह्या क्रियापदाला ‘श्वास आत घेणे, शोषून घेणे’ हा अर्थ रूढ झाला. धूळ शोषणाऱ्या घरगुती यंत्राला त्या भाषेत ह्याच धातूवरून ‘आस्पिरातर’ म्हणतात. तेव्हा एकाच शब्दात बाहेर सोडणे आणि आत ओढणे असे दोन्ही अर्थ नांदू लागले. ध्वनिविज्ञानाने पहिला अर्थ राखला आणि वैद्यकाने दुसरा घेतला. दोन शास्त्रांतील अर्थभेदाचे बीज येथे आहे.

संज्ञा मुळापासून किती दूर जाऊ शकते ह्याचे एक उदाहरण फ्रेंच व्याकरणातच आहे. त्या भाषेत ‘महाप्राण ह’ म्हणून ओळखला जाणारा वर्ण आज मुळीच उच्चारला जात नाही. पूर्वीच्या उपपदाचा स्वर लोपू न देणे असे त्याचे कार्य उरले आहे. नाव श्वासाचे आणि श्वास नाही, अशी ही अवस्था होय.

२. ध्वनिविज्ञानातील अर्थ

मराठी भाषकाला महाप्राणत्व समजावून सांगावे लागत नाही. ‘ताट’ आणि ‘थाट’, ‘काल’ आणि ‘खाल’, ‘बार’ आणि ‘भार’, ‘गण’ आणि ‘घण’ ह्या जोड्यांत अर्थभेद करणारे तत्त्व तेच आहे. तोंडासमोर तळहात धरून ‘ताट’ व ‘थाट’ हे शब्द उच्चारले असता दुसऱ्या वेळी हवेचा झोत हाताला स्पष्ट जाणवतो. इंग्रजीतही शब्दारंभीचे ‘प’, ‘ट’, ‘क’ महाप्राण होतात. परंतु तेथे ह्या श्वासाने अर्थभेद होत नसल्यामुळे तो त्या भाषकांच्या ध्यानात येत नाही. आपणही ‘पेन’, ‘टेबल’ हे शब्द उसने घेताना ‘फ’ किंवा ‘ठ’ न लिहिता ‘प’ आणि ‘ट’ लिहितो.

ह्या श्वासाची उत्पत्ती कशी होते? स्पर्शवर्ण उच्चारताना मुखातील मार्ग क्षणभर बंद होतो आणि मग एकदम मोकळा होतो. त्या क्षणी कंठद्वाराची, म्हणजे दोन स्वरतंतूंमधील फटीची, स्थिती कशी आहे हा निर्णायक प्रश्न आहे. ‘त’ च्या उच्चारात मुखमार्ग मोकळा होईपर्यंत स्वरतंतू जवळ आलेले असतात आणि पुढील स्वराचा नाद जवळजवळ लगेच सुरू होतो. ‘थ’ च्या उच्चारात त्या क्षणी कंठद्वार चांगले उघडे असते. ते मिटून नाद सुरू होईपर्यंत काही काळ जातो आणि त्या अवधीत फुप्फुसांतील हवा अनिरुद्ध बाहेर पडते. महाप्राणत्व म्हणजे स्पर्शाच्या मोक्षक्षणी असलेल्या कंठद्वाराच्या विवृतीचा परिणाम होय, ही उपपत्ती चिन-वू किम यांनी १९७० मध्ये मांडली.

त्यापूर्वी १९६४ मध्ये ली लिस्कर आणि आर्थर एब्रॅमसन ह्या अभ्यासकांनी ‘वर्ड’ ह्या नियतकालिकात अकरा भाषांतील शब्दारंभीच्या स्पर्शांची मोजमापे प्रसिद्ध केली. मुखमार्ग मोकळा होणे आणि नाद सुरू होणे ह्यांमधील काल त्यांनी मिलिसेकंदांत मोजला. त्या अकरा भाषांत मराठी ही एक होती. ह्या एकाच मापाने बहुतेक भाषांतील स्पर्शांचे वर्ग समाधानकारक रीतीने वेगळे पडले. अडचण आली ती मुख्यतः हिंदी आणि मराठी ह्या भाषांत. ‘घ’, ‘ध’, ‘भ’ ह्या घोष महाप्राणांत नाद मुखमार्ग मोकळा होण्यापूर्वीच सुरू झालेला असतो. त्यामुळे नादारंभाच्या कालावरून ते ‘ग’, ‘द’, ‘ब’ ह्यांपासून नीट वेगळे काढता येत नाहीत. येथे स्वरतंतू कंप पावत असतानाच पुरते मिटलेले नसतात आणि नाद व श्वास एकत्र बाहेर पडतात.

प्राचीन ध्वनिशास्त्रज्ञांनी हे वैशिष्ट्य ओळखले होते. ऋक्‌प्रातिशाख्यात अघोष वर्णांसाठी श्वास, घोष वर्णांसाठी नाद, आणि घोष महाप्राण व हकार ह्यांसाठी श्वास व नाद दोन्ही अशी व्यवस्था सांगितली आहे. प्रातिशाख्यांत महाप्राण स्पर्शांना ‘सोष्म’ म्हटले आहे, तर ‘अल्पप्राण’ व ‘महाप्राण’ ही जोडी व्याकरणपरंपरेतील बाह्यप्रयत्नांच्या यादीत येते. भट्टोजी दीक्षितांच्या सिद्धान्तकौमुदीत ही अकरा बाह्यप्रयत्नांची यादी आहे. त्यातील ‘प्राण’ म्हणजे श्वासवायू. महाप्राण म्हणजे अधिक श्वासाने युक्त वर्ण, इतकाच त्याचा अर्थ आहे.

३. वैद्यकातील दोन अर्थ

वैद्यकातील पहिला अर्थ शस्त्रक्रियेशी निगडित आहे. शरीरातील पोकळीत साचलेला द्रव, पू, किंवा तपासणीसाठी पेशी व अस्थिमज्जा सुईने ओढून बाहेर काढणे ह्याला ‘ॲस्पिरेशन’ म्हणतात. पॅरिस येथील वैद्य जॉर्ज द्यूलाफ्वा यांनी १८६९ च्या सुमारास निर्वात पोकळीच्या साह्याने द्रव ओढून घेण्याचे उपकरण प्रचारात आणले. गाठीतील पेशी बारीक सुईने काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची आजची नित्याची तपासणीही ह्याच अर्थाने ह्या नावाची आहे. येथे रुग्णाच्या श्वासाचा संबंधच उरलेला नाही. राहिली आहे ती शोषण्याची क्रिया.

दुसरा अर्थ आपल्या विषयाला अधिक जवळचा आहे. अन्न, पाणी, लाळ किंवा जठरातून वर आलेला द्रव स्वरतंतूंच्या खाली श्वासनलिकेत उतरणे, ह्यालाही ‘ॲस्पिरेशन’ म्हणतात. ह्या घटनेचे गांभीर्य वैद्यकाच्या नजरेस ठळकपणे आणून देणारा लेख कर्टिस मेंडेलसन यांनी १९४६ मध्ये प्रसिद्ध केला. न्यूयॉर्कमधील एका प्रसूतिरुग्णालयात १९३२ ते १९४५ ह्या काळात नोंदलेल्या ४४,०१६ गर्भवतींपैकी ६६ जणींच्या बाबतीत भूल दिलेली असताना जठरातील पदार्थ फुप्फुसांत गेल्याचे त्यांना आढळले. घन पदार्थाने श्वासमार्ग कोंडून दोघी दगावल्या होत्या. आम्ल द्रवामुळे फुप्फुसांना होणाऱ्या इजेला पुढे मेंडेलसन यांचेच नाव मिळाले. शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाला उपाशी ठेवण्याच्या आजच्या शिस्तीमागे ह्या धोक्याची जाणीव आहे.

गिळण्याच्या क्रियेत हा अपघात टाळण्याची व्यवस्था शरीराने केलेली आहे. घास घशात येताच स्वरयंत्र वर व पुढे सरकते, त्यावरील कूर्चेचा पडदा मागे झुकतो, स्वरतंतू एकमेकांस भिडतात आणि श्वास क्षणभर थांबतो. घास अन्ननलिकेत गेल्यावर बहुधा उच्छ्वासानेच श्वसन पुन्हा सुरू होते. पक्षाघात, कंपवात, मानेवरील शस्त्रक्रिया किंवा वार्धक्य ह्यांमुळे ह्या क्रमात बिघाड झाला म्हणजे घासाचा काही अंश भलत्या मार्गाला लागतो. तो किती खोल गेला ह्यावरून चिकित्सक दोन अवस्था मानतात. पदार्थ स्वरयंत्रात शिरला पण स्वरतंतूंच्या वरच राहिला तर ती पहिली अवस्था. स्वरतंतू ओलांडून खाली गेला तर दुसरी, आणि तिलाच ‘ॲस्पिरेशन’ हे नाव आहे. रोझेनबेक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये ह्यासाठी आठ पायऱ्यांची मापनश्रेणी सिद्ध केली. तिच्या आठव्या, म्हणजे सर्वांत गंभीर पायरीवर, पदार्थ स्वरतंतूंच्या खाली उतरतो आणि तो बाहेर टाकण्याचा कोणताही प्रयत्न शरीर करीत नाही.

४. एकच द्वार, दोन दिशा

आता दोन शास्त्रांतील अर्थ शेजारी ठेवून पाहता येतील. ध्वनिवैज्ञानिक आणि गिळण्याची तपासणी करणारा चिकित्सक हे दोघेही एकाच अवयवाकडे पाहत असतात : कंठद्वाराकडे. दोघांचीही ‘ॲस्पिरेशन’ ही घटना ते द्वार उघडे असल्यामुळे घडते. परंतु ध्वनिविज्ञानात त्यातून जाते ती हवा, आणि ती खालून वर, बाहेरच्या दिशेने जाते. वैद्यकात त्यातून जातो तो अन्नाचा किंवा द्रवाचा अंश, आणि तो वरून खाली, आतल्या दिशेने जातो. पहिल्या ठिकाणी द्वाराची विवृती वक्त्याने भाषेच्या नियमानुसार घडवून आणलेली असते. दुसऱ्या ठिकाणी ज्या क्षणी द्वार मिटावयास हवे त्या क्षणी ते मिटलेले नसते. म्हणून ध्वनिवैज्ञानिकाच्या टिपणात ‘ॲस्पिरेशन आहे’ हे केवळ वर्णन असते, तर चिकित्सकाच्या टिपणात ती धोक्याची सूचना असते. आमच्या विद्यार्थ्याने ‘नाही’ ही नोंद हानी म्हणून वाचली. वस्तुतः ती रुग्णाच्या बाजूची नोंद होती.

हा गोंधळ पूर्वी फारसा संभवत नव्हता, कारण दोन शास्त्रांचे वाचक वेगळे होते. आता तसे राहिलेले नाही. वाणी व श्रवण ह्यांच्या चिकित्सेचे शिक्षण देणाऱ्या संस्था आपल्याकडे स्थापन झाल्या. म्हैसूर येथील अखिल भारतीय संस्था १९६५ पासूनची, तर मुंबईतील अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था १९८३ पासूनची आहे. वाणीचिकित्सक एकाच रुग्णाचे बोलणेही तपासतो आणि गिळणेही. मेंदूला इजा झालेल्या रुग्णांच्या उच्चारांत नादारंभाचा काल कसा विस्कळीत होतो, ह्यावर शीला ब्लूमस्टीन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० मध्ये संशोधन प्रसिद्ध केले आहे. तेव्हा एकाच कागदावर एकच संज्ञा दोन अर्थांनी येण्याची शक्यता आज काल्पनिक नाही.

५. ‘प्राण’ शब्दाचे साहचर्य

येथे एक आक्षेप उपस्थित होईल. आपल्याकडेही ‘प्राण’ हा शब्द शिक्षाशास्त्र आणि आयुर्वेद ह्या दोहोंत आहे. मग ‘महाप्राण’ ही संज्ञाच व्यापक करून दोन्हींसाठी का वापरू नये?

आयुर्वेदातील प्राण हा पाच वायूंपैकी एक आहे. अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानात त्याचे स्थान मस्तकात सांगून थुंकणे, शिंकणे, ढेकर, श्वसन आणि अन्नाचा आत प्रवेश ही त्याची कार्ये दिली आहेत. वाणीची प्रवृत्ती हे मात्र तेथे उदान वायूचे कार्य मानले आहे. श्वसन आणि गिळणे ही कार्ये एकाच वायूकडे सोपविणारे हे वर्गीकरण लक्षणीय आहे, कारण ह्या दोन क्रियांचा मेळ बिघडला म्हणजेच वर सांगितलेला अपघात घडतो. परंतु ह्याच वर्गीकरणामुळे ‘महाप्राण’ संज्ञेचा विस्तार अयोग्य ठरतो. शिक्षाग्रंथांतील प्राण उच्चारात खर्च होणारा श्वास आहे, आयुर्वेदातील प्राण शरीरव्यापाराचे तत्त्व आहे, आणि ह्या दुसऱ्या परंपरेत वाणी प्राणाकडे दिलेलीच नाही. शब्द समान असला तरी दोन परंपरांनी त्याला दोन व्यवस्थांत बसविले आहे. महाप्राण वर्णांच्या उच्चारात अधिक ‘जीवनशक्ती’ लागते अशी विधाने अधूनमधून वाचनात येतात. तीही ह्या दोन व्यवस्था एकमेकींत मिसळल्यामुळेच होतात.

६. ‘ठसका’ आणि अबोल अपघात

दुसरा पर्याय बोलीचा. मराठीत घास किंवा पाणी भलतीकडे गेले की ‘ठसका लागला’ असे म्हणतात. शब्द सर्वांच्या तोंडचा आहे, रुग्णाचे नातेवाईक तो लगेच समजतात. म्हणूनच आमच्या प्रश्नावलीत तो आला आणि म्हणूनच तो मला खटकला नाही. एका अनुभवी वाणीचिकित्सकांनी ती प्रश्नावली वापरात येण्यापूर्वी पाहिली आणि एकच प्रश्न विचारला : ज्याला ठसका लागतच नाही त्याचे काय?

ठसका हा अपघात नव्हे, अपघातावरील शरीराचा उपाय आहे. स्वरयंत्राच्या अंतस्त्वचेला परक्या पदार्थाचा स्पर्श झाल्याची संवेदना मज्जातंतूंमार्फत मेंदूत पोहोचते आणि जोरदार उच्छ्वासाने तो पदार्थ बाहेर फेकला जातो. ही संवेदनाच मंदावली असेल तर पाणी श्वासनलिकेत उतरते आणि ठसका लागत नाही. मापनश्रेणीची आठवी पायरी ती हीच. चिकित्सक हिला ‘मूक’ ॲस्पिरेशन म्हणतात. असा रुग्ण शांतपणे जेवतो. घरच्यांना वाटते की तो आता बरा गिळू लागला. पुढे ताप आणि न्युमोनिया झाल्यावरच शंका येते. ज्या प्रश्नावलीत ‘ठसका लागतो का?’ एवढाच प्रश्न आहे, ती सर्वाधिक धोक्यात असलेल्या रुग्णाच्या नावापुढे ‘नाही’ असे लिहून मोकळी होईल. ह्याउलट ज्याला वरचेवर ठसका लागतो त्याची संरक्षक यंत्रणा निदान जागी आहे. भाषांतराने कारणाला कार्याचे नाव दिले आणि नेमका अर्थ उलटा झाला.

खात्रीचे निदान बेरियममिश्रित घास गिळताना काढलेल्या क्षकिरण-चित्रणाने, किंवा नाकातून घातलेल्या दुर्बिणीने होते. ही दुसरी पद्धती सुसान लँगमोर व सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये वर्णिली. परंतु त्याआधीच्या प्राथमिक तपासणीत ध्वनिविज्ञानाच्या विद्यार्थ्याचा कान उपयोगी पडू शकतो. पाणी पिऊन झाल्यावर रुग्णाला लांब ‘आ’ म्हणावयास सांगितले असता आवाजात पूर्वी नसलेली ओलसर घरघर आली तर स्वरतंतूंपाशी द्रव साचल्याची शंका घेता येते. हे निदान नव्हे, पुढील तपासणीची गरज दाखविणारी खूण आहे.

७. संज्ञांची योजना

वरील विवेचनावरून असे दिसते की इंग्रजी शब्दाला मराठी प्रतिशब्द शोधणे ही येथे चुकीची सुरुवात आहे. प्रथम घटना निश्चित करावी आणि मग तिला नाव द्यावे. त्या दृष्टीने पुढील योजना सुचवावीशी वाटते. ध्वनिविज्ञानात ‘महाप्राणत्व’ ही संज्ञा रूढ व नेमकी आहे. ती तेथेच राहावी. सुईने किंवा उपकरणाने द्रव वा पेशी काढण्यास ‘आचूषण’ म्हणावे. पदार्थ स्वरयंत्रात शिरून स्वरतंतूंच्या वर राहिला तर ‘स्वरयंत्रप्रवेश’ आणि स्वरतंतू ओलांडून खाली गेला तर ‘श्वासनलिकाप्रवेश’ म्हणावे. पदार्थ कोठवर पोहोचला हे ह्या दोन नावांतच सांगितलेले आहे. मूक प्रकारास ‘कासरहित श्वासनलिकाप्रवेश’ म्हणता येईल, कारण खोकल्यासाठी ‘कास’ हा शब्द आयुर्वेदात प्राचीन काळापासून आहे.

ह्या संज्ञा पाठ्यपुस्तकांसाठी व तपासणीपत्रकांसाठी आहेत. रुग्णाच्या घरच्यांशी बोलताना त्यांचा उपयोग नाही. तेथे एका शब्दाचा आग्रह सोडून सरळ वाक्यच वापरले पाहिजे. आमच्या सुधारलेल्या प्रश्नावलीत एका प्रश्नाचे तीन प्रश्न झाले : जेवताना किंवा पाणी पिताना ठसका लागतो का? पाणी प्याल्यावर आवाज ओला किंवा घरघरता होतो का? ठसका लागत नसूनही वरचेवर ताप येतो का, किंवा छातीत कफ साचतो का? तिसऱ्या प्रश्नाला एका वृद्ध रुग्णाच्या सुनेने ‘हो’ असे उत्तर दिले आणि ती म्हणाली, “पण ते आम्ही कधी सांगितलं नाही, ठसक्याबद्दलच विचारायचे सगळे.” त्या रुग्णास पुढील तपासणीसाठी पाठविण्यात आले.